पुण्याची डिव्हिजन, कूतचा वेढा आणि ‘अजून सैन्य पाठवा’

वानवडीकर

२००३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं होतं. थोडंथोडकं नाही, एक आख्खी डिव्हिजन, म्हणजे पंधरा-वीस हजार माणूस. आपण नाही म्हणालो. ‘तेव्हा गेलो असतो तर आज आपलं वजन वेगळं असतं’ हे वाक्य कुठल्या ना कुठल्या गटात अधूनमधून ऐकू येतं. परवा आमच्या सोसायटीच्या गटातही आलं. तिथे पाण्याच्या टँकरच्या निरोपांमध्ये हा विषय चालवणं अशक्य, म्हणून हा धागा.

नकार दिला गेला १४ जुलै २००३ रोजी. वाजपेयींच्या अध्यक्षतेखाली सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समिती बसली आणि संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू, असं परराष्ट्रमंत्री यशवंत सिन्हांनी जाहीर केलं. त्याआधी मात्र सरकारात दोन्हीकडची मतं होती. अडवाणी जूनमध्ये वॉशिंग्टनला जाऊन आले, पेंटागॉनचं पथक दिल्लीत येऊन शंकांना उत्तरं देऊन गेलं. सोनिया गांधींनी विरोधाचं पत्र लिहिलं. पाठवा म्हणणाऱ्यांचे मुद्दे आठवत असतील: पुनर्बांधणीची कंत्राटं मिळतील, अमेरिका खूश होईल, आपल्याला देऊ केलेला उत्तरेचा भाग त्यातल्या त्यात शांत आहे, उद्या पाकिस्तान गेला तर आपण हात चोळत बसू. नको म्हणणाऱ्यांचा मुद्दा साधा होता. परक्याने लावलेल्या आगीत आपला जवान का घालायचा?

या अख्ख्या वादात एक प्रश्न कुणी धड विचारला नाही. पंधरा हजार पुरले नाहीत तर पुढे काय?

पुणेकराला तरी हा प्रश्न पडायला हवा होता, कारण याच भूमीत पुण्याच्या नावाची एक डिव्हिजन संपलेली आहे. ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली सहावी (पूना) डिव्हिजन. पहिलं महायुद्ध, समोर तुर्क. नोव्हेंबर १९१४ मध्ये ती शत्-अल-अरब नदीच्या मुखाशी उतरली. काम मर्यादित होतं: आबादानचा तेलाचा कारखाना आणि वाहिनी राखायची. बसरा पडलं. मग बसरा राखायला कुर्ना हवं. कुर्ना राखायला अमारा. अमारा घेतल्यावर कूत. सप्टेंबर १९१५ मध्ये कूतही हातात आलं आणि सेनापती निक्सनला बगदाद दिसू लागलं. प्रत्यक्ष डिव्हिजन चालवणाऱ्या टाउनशेंडला कुमकेशिवाय पुढे जाणं धोक्याचं वाटत होतं, तसं त्याने कळवलंही होतं. पण गॅलिपोलीत नाचक्की चालली होती आणि लंडनला कुठेतरी एक विजय हवा होता. परवानगी मिळाली.

बगदादजवळच्या टेसिफोनला नोव्हेंबर १९१५ मध्ये डिव्हिजनचं कंबरडं मोडलं. उरलेले मागे हटून कूतमध्ये शिरले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वेढा पडला. एकशे तीन, एकशे दहा आणि एकशे सतरा या तिन्ही मराठा पलटणी याच डिव्हिजनमधल्या. घोडे कापून खायची वेळ आली तेव्हा हिंदी शिपायांनी आधी नकार दिला, हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून परवानगीचे निरोप मागवावे लागले. आत अडकलेल्या तेराएक हजारांना सोडवायला बाहेरून एकामागून एक हल्ले झाले, त्यांत सुमारे तेवीस हजार मेले-जखमी झाले. हे आकडे पुन्हा वाचा. तेरा हजार सोडवायला तेवीस हजार. शेवटी तुर्कांना दोन दशलक्ष पौंड देऊ करून झाले, तेही त्यांनी नाकारले. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. शिपाई वाळवंटातून पायी चालवले गेले, त्यातले हजारो परत आले नाहीत. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर सुखात राहिले.

आणि एवढं होऊनही ‘आता पुरे’ असं कुणी म्हणालं नाही. नवा सेनापती आला, फौज कितीतरी वाढवली आणि मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतलं. नाक कापलं गेलं होतं ना.

माझं म्हणणं एवढंच आहे: पहिल्या तुकडीवर वाद होतो, अग्रलेख येतात, मोर्चे निघतात. दुसऱ्या-तिसऱ्या तुकडीवर होत नाही, कारण तोवर तिथे आपली माणसं मेलेली असतात आणि विरोध करणारा त्यांच्या मरणावर बोट ठेवतोय असं दिसतं. २००३ चा नकार मला बरोबर वाटतो तो यासाठी. त्या पंधरा हजारांच्या मागे उभे राहणारे पुढचे पंधरा हजार मला दिसतात.

लिहा. फक्त नेहरूंना यात आणू नका, हात जोडतो.

अर्धवट_शहाणा

पहिला!

नेहरूंचं नाव धागाकर्त्यानेच आणलं, याची नोंद घ्यावी. बाकी वाचतोय.

गनिमी_कावळा

वानवडीकर, लेख झकास पण तुलना गंडलेली आहे. १९१४ चा शिपाई हा गुलाम देशाचा भाडोत्री होता. निर्णय लंडन-सिमल्यात, हुकूम निक्सनचा, मरण सातारा-रत्नागिरीच्या पोरांचं. २००३ मध्ये निर्णय आपला, अटी आपल्या, परत बोलवायचं ते आपण. सार्वभौम देशाच्या सैन्याला टाउनशेंडच्या रांगेत बसवणं म्हणजे आपल्याच सेनेचा अपमान आहे.

दुसरं. सैन्य वाढवणं म्हणजे दलदल, हे गृहीतक का? २००३ मध्ये अमेरिकेची चूक उलटी होती. त्यांचा लष्करप्रमुख शिनसेकी युद्धाआधीच सिनेटसमोर सांगत होता की ताबा राखायला काही लाख सैनिक लागतील. संरक्षण खात्याच्या मुलकी साहेबांनी त्याला उडवून लावलं, कमी फौजेत गेले आणि देश लुटला जात असताना बघत बसले. जानेवारी २००७ मध्ये बुशने वीस हजारांवर जादा सैन्य जाहीर केलं, तेव्हा सगळे विद्वान हसत होते. २००८ पर्यंत बगदादमधली हिंसा किती खाली आली ते तपासा. वाढीव सैन्य चालतं. वेळेवर आणि पुरेसं पाठवलं तर.

सोमवारपेठी

कावळेबुवा, अर्धी गोष्ट सांगितलीत. २००७ मध्ये हिंसा खाली आली त्याआधीच अनबारमधले सुन्नी टोळीवाले अल कायदाला विटून अमेरिकेच्या बाजूला यायला लागले होते. ऑगस्टमध्ये शिया नेता मुक्तदा सद्रने आपल्या मिलिशियाला थांबवलं. आणि बगदादच्या कितीतरी वस्त्यांमधून शिया-सुन्नींची आपसांत हकालपट्टी होऊन गेलेली होती, मारायला शेजारी उरला नव्हता. जादा सैन्याचा हात नव्हता असं मी म्हणणार नाही, पण सगळं श्रेय त्यालाच देणं म्हणजे कोंबडं आरवलं म्हणून उजाडलं. शिवाय ती वाढ कशासाठी होती? इराकी नेत्यांना आपसांत समेट करायला उसंत मिळावी म्हणून. समेट झाला का? २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हातात गेलंच ना?

तरी अमेरिकेतल्या त्या वादाचं एक मला भावतं. वाद उघड झाला. प्रतिनिधिगृहाने फेब्रुवारी २००७ मध्ये २४६ विरुद्ध १८२ मतांनी सैन्यवाढीला नापसंती नोंदवली. ठराव बंधनकारक नव्हता, मान्य. मग माघारीची वेळ घालून दिलेलं खर्चाचं विधेयक पाठवलं, त्यावर बुशने नकाराधिकार वापरला. हरले, पण कोण कुठे उभा होता ते कागदावर राहिलं. ब्रिटनमध्ये मार्च २००३ ला युद्धाच्या बाजूने ४१२, विरोधात १४९ असं मतदान झालं, रॉबिन कुकने आदल्या दिवशी मंत्रिपद सोडलं. तुर्कस्तानच्या संसदेत तर १ मार्च २००३ ला गंमतच झाली: अमेरिकी सैन्याला वाट देण्याच्या बाजूने २६४, विरोधात २५०, तटस्थ १९. बाजूची मतं जास्त, तरी हजर असलेल्यांचं बहुमत नाही म्हणून ठराव पडला आणि अमेरिकेची उत्तरेकडून घुसायची योजना कोलमडली.

आपल्याकडे? केंद्रसूचीत ‘युद्ध आणि शांतता’ ही नोंद आहे, कार्यकारी अधिकार सरकारचा. परदेशी सैन्य पाठवण्याआधी संसदेचं मत घ्यायचं बंधन नाही. २००३ मध्ये समितीने ‘हो’ म्हटलं असतं तर तेही तेवढ्याच सहज झालं असतं.

सातारी_तर्री

मी फारशी लिहीत नाही इथे, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

कावळेदादा, सार्वभौम देशाचं उदाहरण हवंय ना? श्रीलंका घ्या. माझे वडील सिग्नल्सला होते, १९८७ मध्ये आम्ही घोरपडीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. २९ जुलैला राजीव गांधी आणि तिथले अध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला. दुसऱ्या दिवशी सलामी घेताना तिथल्या नौसैनिकाने राजीव गांधींच्या डोक्यावर बंदुकीचा दस्ता हाणायचा प्रयत्न केला, ते चित्र सगळ्यांना आठवतं. पण आमच्याकडे त्या आठवड्यात चर्चा वेगळीच होती: तमिळ वाघांची (एलटीटीई) हत्यारं गोळा करायचीत, फार तर महिना-दीड महिना. वडील पावसाळी बूट सुद्धा घरी ठेवून गेले. पुढच्या वर्षीच्या गणपतीला आरतीचं ताट मीच धरलं, कारण ते तिकडेच होते.

शांतिसेनेचे सेनापती लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे आपल्या इथल्या सदर्न कमांडचेच प्रमुख होते. म्हणजे हे युद्ध एका अर्थाने पुण्याच्या कचेरीचं होतं. आधी चौपन्नावी डिव्हिजन गेली. ऑक्टोबरमध्ये वाघांशी लढाई जुंपली. ११ तारखेच्या रात्री जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरने उतरवलेल्या तेरा शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जणांपैकी एकच जिवंत हाती लागला. त्यानंतर कोण विचारणार होतं की अजून सैन्य का पाठवताय? छत्तिसावी गेली, मग चौथी माउंटन, मग सत्तावन्नावी. चार डिव्हिजन. लोकसभेत सरकारचे चारशेच्या वर खासदार. तिथे कोण अडवणार?

आणि ही वाढ कशी होते ते वडील सांगायचे, ते मला आजवर कुठे वाचायला मिळालेलं नाही. जाफन्याच्या वाटांना दोन्ही बाजूंनी ताडाच्या झावळ्यांची दाट कुंपणं. रस्त्याखाली प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरलेली सुरुंगाची दारू, सुरुंगशोधक यंत्राला पत्ता लागायचा नाही. रसद पोचवायची तर सकाळी आधी रस्ता मोकळा करणारी तुकडी चालत जाणार, तिच्या मागून ट्रक. एक ट्रक उडाला की त्या पट्ट्यात नवी चौकी. चौकी झाली की तिला पाणी, रेशन, बॅटऱ्या हव्यात. म्हणजे पुन्हा ट्रक, पुन्हा रस्ता मोकळा करणारे, पुन्हा स्फोट. वडिलांचं काम चौक्यांना रेडिओ नेट देण्याचं, त्यामुळे त्यांना वहीतच दिसायचं, कॉलसाइन (रेडिओवरची चौक्यांची नावं) वाढत चाललेत आणि रस्ता तेवढाच आहे. ‘आम्ही आमचीच राखण करायला माणसं मागवत होतो’, असं म्हणायचे.

पायाखाली फुटणाऱ्या छोट्या सुरुंगाला जवान ‘जॉनी’ म्हणत. त्याने माणूस बहुधा मरत नाही, पाय जातो. आईच्या ओळखीतल्या एक काकू वानवडीच्या कृत्रिम अवयव केंद्राजवळ डबे द्यायच्या. तेव्हा तिथे विशी-बाविशीतली पोरं कुबड्यांवर चालायचा सराव करताना दिसायची. शहरात मात्र कुणाला पत्ता नव्हता. शाळेत बाई विचारायच्या, ‘तुझे बाबा काश्मीरला का गं?’

वाचनमात्र

सातारी ताई, सलाम तुमच्या वडिलांना. एवढ्यासाठी लॉगिन केलं.

गनिमी_कावळा

ताई, वडिलांबद्दल पूर्ण आदर राखून बोलतो. श्रीलंकेत अपयश सैन्यवाढीचं नव्हतं, राजकारणाचं होतं. १९८९ मध्ये तिथले नवे अध्यक्ष प्रेमदासांनी आपल्यालाच बाहेर काढण्यासाठी वाघांना हत्यारं दिली. इकडे सरकार बदललं, मार्च १९९० मध्ये शेवटचं जहाज निघालं. मद्रासला स्वागताला करुणानिधी गेले नाहीत. अकराशेच्या वर जवान घालवून वाघ जंगलात कोंडले होते, ते मोकळे सोडून आलो. आणखी एक वर्ष नेट लावला असता तर १९९१ चं श्रीपेरुंबुदूर, म्हणजे राजीव गांधींची हत्या, घडलं नसतं असं म्हणायला जागा आहे.

वानवडीकर

हेच. ‘आणखी एक वर्ष’. कावळेसाहेब, तुम्ही माझा मुद्दा माझ्यापेक्षा चांगला मांडलात. हे वाक्य प्रत्येक युद्धात कुणीतरी म्हणतं आणि ते खोटं पाडता येत नाही, कारण ते वर्ष कधी आलेलंच नसतं. व्हिएतनाममध्ये जॉन्सनने जुलै १९६५ मध्ये पंच्याहत्तर हजारांचे सव्वा लाख केले. १९६९ पर्यंत पाच लाखांच्या वर गेले. दर टप्प्यावर सेनापतीची मागणी प्रामाणिक होती, हे लक्षात घ्या. सेनापतीला विचारलंत ‘काय लागेल?’ तर तो सांगणारच. त्याला ‘हे करावं का?’ हा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो.

शिवाय प्रेमदासा हा अपवाद नाही. ज्यांच्या मदतीला जातो त्यांनाच आपण नकोसे होतो, हे परदेशी सैन्याच्या नशिबी लिहिलेलं असतं. काबूलमधल्या अमेरिकी राजदूताने, आणि तो स्वतः निवृत्त जनरल, २००९ मध्ये वॉशिंग्टनला हेच कळवलं होतं की तिथला अध्यक्ष करझाई हा भरवशाचा भागीदार नाही, सैन्य वाढवून तो बदलणार नाही. सेनापती मॅक्‌क्रिस्टल चाळीस हजार मागत होता, उपाध्यक्ष बायडन छोट्या फौजेच्या बाजूने. ओबामांनी बरेच आठवडे घोळ घातला आणि १ डिसेंबरला तीस हजार जाहीर केले, त्याच भाषणात जुलै २०११ पासून परत आणू हेही सांगितलं. धड हे नाही, धड ते नाही. तालिबानला फक्त दिनदर्शिका बघत बसायचं होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं.

गनिमी_कावळा

मग मालदीव? ३ नोव्हेंबर १९८८. अध्यक्ष गय्यूमनी हाक मारली, आग्र्याहून पॅराशूट ब्रिगेडचे जवान आयएल-७६ मधून त्याच रात्री हुलुलेच्या धावपट्टीवर, काही तासांत बंड खल्लास. तुमच्या हिशेबाने तेही नको होतं?

सोमवारपेठी

त्याच वेळी चार डिव्हिजन शेजारच्या बेटावर अडकल्या होत्या, हे विसरू नका. मालदीवला काम काय होतं ते एका वाक्यात सांगता येत होतं आणि ते झाल्यावर बहुतेक फौज परतली. जाफन्यात ‘झालं’ म्हणजे नेमकं काय, हेच ठरलेलं नव्हतं. हत्यारं जमा झाली की झालं? निवडणूक झाली की झालं? वाघांचा म्होरक्या प्रभाकरन सापडला की झालं? तिन्ही वेळा उत्तर बदललं.

२००३ मध्ये आपल्या डिव्हिजनचं काम एका वाक्यात सांगा बरं.

गनिमी_कावळा

उत्तर इराकमध्ये कायदा-सुव्यवस्था राखणे.

सोमवारपेठी

किती दिवस, कुणाच्या हुकमाखाली, कुर्द आणि अरब किर्कुकवरून भांडले तर कुणाच्या बाजूने? १९ ऑगस्ट २००३ ला, म्हणजे आपल्या नकारानंतर सव्वा महिन्यात, बगदादमधलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालयच ट्रकबॉम्बने उडवलं, त्यांचे तिथले दूत दे मेलोंसकट. निळा झेंडा वाचला नाही तिथे तिरंगा लावलेली जिप्सी वाचली असती?

अर्धवट_शहाणा

आता नेहरूंना आणायची परवानगी असावी, कारण एक चांगली गोष्ट त्यांच्याच काळातली आहे. १९५३ मध्ये कोरियात युद्धकैद्यांच्या ताब्यासाठी भारताने सैन्य पाठवलं, त्याचे सेनापती आपले मेजर जनरल थोरात. सिंगमन ऱ्हीने भारतीय जवानाला दक्षिण कोरियाच्या मातीवर पाय ठेवू देणार नाही अशी भूमिका घेतली, म्हणून जहाजावरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवावं लागलं. हजारो कैदी, त्यात कट्टर साम्यवादी आणि त्यांचे कट्टर वैरी, आत रोज दंगे. तिथे अजून दोन ब्रिगेड मागवणं सोपं होतं. पण कामाला मुदत होती. १९५४ च्या सुरुवातीला कैद्यांचा ताबा सोडला आणि फौज घरी आली. मुदत कागदावर लिहिलेली असली की काय फरक पडतो बघा.

(अवांतर: कूतच्या काळातलं एक पुण्यात आजही चालू आहे. त्या महायुद्धात जायबंदी झालेल्या हिंदी शिपायांना हातचा धंदा शिकवायला १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरी संस्था निघाली, तीच पुढे खडकीला आली. आजही अपंग जवान तिथे शिकतात.)

सातारी_तर्री

शहाणे, खडकीची माहिती छान.

कावळेदादा, ‘एक वर्ष नेट लावला असता’ यावर वडिलांनी काय म्हटलं असतं ते मला सांगता येणार नाही, ते आता नाहीत. पण रागावायचे ते माघारीवर नाही. त्यांचा राग होता तो मधल्या काळावर. सुट्टीवर आले की पेपर पालथा घालायचे, तिकडच्या बातमीला चार ओळी, त्याही आतल्या पानावर. त्यांच्या मते दर नव्या डिव्हिजनला सरकारने संसदेत येऊन तीन गोष्टी सांगायला हव्या होत्या: आधीच्यांना जमलं नाही ते का, या नव्यांना जमेल ते कशावरून, आणि हे परत कधी येणार. मतदान नका घेऊ, पण उभं राहून सांगा तरी. ही अपेक्षा जास्त आहे का?

गनिमी_कावळा

नाही. ती रास्त आहे. फक्त तारीख सांगायला माझा विरोध राहील, ओबामाचं काय झालं ते वानवडीकरांनीच लिहिलंय. पहिल्या दोन्हींना अनुमोदन.

सोमवारपेठी

तारीख सांगू नका, पण कशाला ‘झालं’ म्हणायचं ते सांगा. तेवढ्यावर तुमची-आमची तडजोड होऊ शकते.

वानवडीकर

मला चालेल. एक भर: २०१७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅटिस दिल्लीत आले होते, तेव्हा आपल्या त्यावेळच्या संरक्षणमंत्री निर्मला सीतारामन यांनी त्यांच्या शेजारी उभं राहून सांगितलं की अफगाणिस्तानात भारताचं सैन्य जाणार नाही. सरकारं बदलली, पक्ष बदलले, २००३ चं उत्तर मात्र टिकलं. फक्त ते अजून कुठल्याही कायद्यात नाही. पुढच्या वेळी समितीला वेगळं वाटलं तर अडवणारं काहीच नाही. सोमवारपेठी, तुमचं कायद्याचं वाचन चांगलं आहे. संसदेला किमान निवेदन बंधनकारक करणारं खासगी विधेयक कसं दिसेल, त्याचा मसुदा टाकता का इथेच? कावळेसाहेब फाडतीलच, त्यातून काहीतरी बरं निघेल.

सोमवारपेठी

रविवारी बसतो. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमा आणि मालदीवसारखी तातडी, हे दोन्ही अपवाद आधी नीट लिहावे लागतील, नाहीतर पहिल्याच कलमात कावळा चोच मारणार.